अमावास्येचा दोरा, पौर्णिमेचा दोरा : माळव्यातली जुनी झाडं

ओटल्यावरची

नमस्कार मंडळी. धागा काढते आहे एका वडासाठी, पण बोलणं माळव्यातल्या बाकीच्या झाडांवर गेलं तरी मला हवंच आहे.

देपालपूरच्या पुढे, गौतमपुऱ्याच्या वाटेवर आमचं शेत आहे. आजेसासऱ्यांनी घेतलेलं. आता धाकटे दीर आणि जाऊबाई तिथंच राहून सोयाबीन-गहू करतात, आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात. शेताच्या कोपऱ्यावर, गावात शिरायच्या आधी, खेडापती मारुतीची घुमटी आहे आणि तिच्या डोक्यावर वड. चौघांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पुरत नाही. आजेसासरे म्हणायचे, मी आलो तेव्हाही हा एवढाच होता.

या वडाला वर्षातून दोनदा सूत गुंडाळलं जातं. आधी येते जेठची अमावस. गावच्या बायकांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांच्या हिशेबी ती जेठातली. आपल्या पंचांगात तीच वैशाख अमावास्या. त्या दिवशी पहाटेपासून रीघ लागते, हळदीत बुडवलेलं कच्चं सूत, भिजवलेले हरभरे, हातपंखे. पुढे पंधरा दिवसांनी ज्येष्ठी पौर्णिमा, तेव्हा गावात मराठी बायका म्हणजे मी आणि जाऊबाई, दोघीच. सासूबाई होत्या तेव्हा तिघी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आधीचं सूत बाजूला करून आपलं बांधायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, ते काढायचं नाही, त्याच्यावरूनच घ्यायचं. गेली एकतीस वर्षं मी गावच्या बायकांच्या दोऱ्यावरून माझा दोरा घेते.

आता मुद्द्याचं. गावातल्या एका घरचे वडीलधारे गेल्या वर्षी वारले. रोज संध्याकाळी वडाभोवतीच्या ओटल्यावर, म्हणजे पारावर, बसणारा माणूस. मुलांनी ठरवलंय, त्यांच्या नावानं ओटला पक्का बांधायचा. आत्ता मातीचा आणि सुट्या दगडांचा आहे. त्याच्या जागी सिमेंट, वर ग्रॅनाइट, बुंध्याला अगदी लागून, भोवती स्टीलची जाळी आणि मधे उतरणाऱ्या पारंब्या ‘साफ’ करायच्या. घर चांगलं आहे, आमचा जुना घरोबा आहे, पैसेही स्वतःच्या खिशातले. पण हे ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आला आहे. इंदुरातल्या आमच्याच गल्लीतला पिंपळ असा फरशीत बसवला होता. सात-आठ वर्षांत शेंड्याकडून वाळत गेला.

त्यांना न दुखावता काय सांगू? आणि मी म्हणते ते खरं आहे ना, की माझ्या मनाचे खेळ?

रामबागकर

मनाचे खेळ नाहीत ताई. कारणं जाणकार सांगतील, मी नुसतं आठवतं ते लिहितो. वय चौऱ्याहत्तर.

या शहराची नावंच बघा. पिपल्याहाना, पिपल्यापाला, पिपल्याराव, इमली बाजार. नवलखा म्हणजे नऊ लाख झाडांची बाग, असं आमचे आजोबा सांगायचे. नऊ लाख कुणी मोजली असतील ते देव जाणे, पण लहानपणी तिथे दुपारी अंधारून यायचं हे मी स्वतः पाहिलं आहे. गावाला नाव देताना माणसानं राजाकडे पाहिलं नाही, समोरच्या पिंपळाकडे पाहिलं. आज पिपल्याहान्याच्या चौकात उभं राहून नातवाला पिंपळ दाखवायला गेलो तर उड्डाणपूल दाखवावा लागतो.

आणखी एक. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा आहे, आपल्या मध्य प्रदेशाचा वड. म्हणजे तुमच्या दोन्ही दोऱ्यांचं झाड इथलं मानाचं झाड आहे. हे त्या मुलांना सांगून पाहा, उपयोग होईल.

आमच्या घरी वडापेक्षा पिंपळाचा दबदबा. वाड्यामागच्या पिंपळावर मुंजा आहे असं आजी सांगायची आणि दर शनिवारी पारावर दिवा ठेवायची. त्या भीतीनं त्या झाडाला कोणी कधी कोयता लावला नाही. वाडा विकला तेव्हा नव्या मालकानं पहिल्याच महिन्यात तो तोडला. मी त्या गल्लीतून अजूनही जात नाही.

पानगळ

ओटल्यावरची ताई, मी वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला त्यांच्यापुढे बोलताना कामाला येईल.

वडाची जाड मुळं खोल जातात, पण अन्नपाणी ओढणारी बारीक तंतुमुळं बहुतेक वरच्या एक-दोन फूट मातीत असतात आणि ती बुंध्यापासून फांद्यांच्या सावलीइतकी, कधी त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. मुळंसुद्धा श्वास घेतात. वर काँक्रीट ओतलं की पाणी जिरत नाही, हवा खेळत नाही, आणि ग्रॅनाइट उन्हात तापून खालची माती भाजते. झाड लगेच मरत नाही, हीच खरी अडचण आहे. साठवणीवर ते चार-सहा वर्षं काढतं. मग शेंड्याची पानं बारीक होतात, टोकाच्या डहाळ्या वाळतात, आणि तोवर ओटल्याचा आणि त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुमच्या गल्लीतल्या पिंपळाचं बहुधा हेच झालं.

बुंध्याला लागून भर घातली तर आणखी एक दुखणं. जमिनीच्या वरची साल कोरडी राहण्यासाठी घडलेली असते. तिला मातीत किंवा सिमेंटात पुरलं की ती आतून कुजते आणि वाळवीला वाट मिळते.

पारंब्या तर कृपा करून तोडू देऊ नका. म्हातारा वड पारंब्यांवर जगतो. हावड्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड १८६४ आणि १८६७ च्या वादळांत सापडला, पुढे मुख्य बुंध्याला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये तो बुंधाच कापून काढावा लागला. आज शंभर वर्षं ते झाड बुंध्यावाचून, नुसत्या पारंब्यांच्या खांबांवर उभं आहे आणि वाढतं आहे. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या वडाला वाळवीनं पोखरलं, तेव्हा २०१८ मध्ये सलाईनच्या बाटल्या लटकवून थेंबाथेंबानं औषध दिलं आणि कोवळ्या पारंब्या नळ्यांतून जमिनीपर्यंत आणल्या. तुमच्याकडे नळी नको. बांबू उभा चिरून त्यात माती आणि शेणखत भरायचं, पारंबी आत घालून सुतळीनं बांधायचं आणि पावसाळाभर ओल धरायची. जमिनीला टेकली की ती स्वतःची सोय बघते.

सुताबद्दलही सांगते. कच्चं कापसाचं सूत पावसात कुजून जातं, त्यानं झाडाला काहीच होत नाही, दोनदा बांधा की चारदा. पण आता बाजारात चमकणारा नायलॉनचा दोरा येतो. तो कुजत नाही, बुंधा वाढतो तसा सालीत रुततो. तेवढं गावात सांगा.

निमाडकर

मी बडवाहजवळ शेती करतो. मला थोडी दुसरी बाजू मांडू द्या, राग मानू नका.

माझ्या मेढीवर, म्हणजे शेताच्या बांधावर, वड आहे. त्याच्या सावटाखाली जवळजवळ अर्धा बिघा जमीन दरवर्षी रिकामी जाते. गहू पिवळा पडतो, हरभरा लागतच नाही. हार्वेस्टर फांद्यांखालून जात नाही, तेवढ्या तुकड्यासाठी मजूर शोधावे लागतात. शहरातून लोक येतात, झाडाचे फोटो काढतात आणि मला सांगतात दादा, हे जपा. जपतो आहे, वडिलांनी जपलं म्हणून. पण त्या अर्ध्या बिघ्याचा हिशेब कुणी विचारत नाही. माझ्यानंतर माझा मुलगा जपेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

ओटल्यावरची

निमाडकरदादा, राग कसला! आमचे दीर हेच म्हणतात, अगदी याच शब्दांत. त्यांचाही कोपरा जातो. ते बोलून दाखवत नाहीत, पण पेरणीच्या वेळी तिथे ट्रॅक्टर वळवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. खर्च सोसणारा एक आणि पुण्य वाटून घेणारे सगळे, असं होतं खरं.

पानगळ

निमाडकरदादा, तुमची तक्रार रास्तच आहे. सावटाच्या पट्ट्यात गव्हाऐवजी हळद किंवा आलं करून बघितलंत का? दोन्हींना अर्धी सावली चालते. निमाडात पाण्याची सोय असली तर चार ओळी लावून पाहायला हरकत नाही. अर्ध्या बिघ्याचं सगळं नुकसान भरून निघणार नाही, पण जमीन पडीक तरी राहणार नाही.

आणि वड शेताला देतो तेही थोडं सांगते. वडाची फळं म्हणजे बाहेरून बंद केलेला फुलांचा गुच्छ. आतल्या फुलांचं परागण एक चिमुकली गांधीलमाशी करते, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. एकमेकांवाचून दोघांचाही वंश चालत नाही. एका मोठ्या वडाची फळं पिकली की हरियाल, कोकीळ, बुलबुल, मैना, वटवाघळं, सगळे तिथे मुक्कामाला. त्यांतले बरेच पक्षी पिलांना किडे भरवतात, आणि ते किडे तुमच्याच पिकातून उचलतात.

निमाडकर

हळदीचं डोक्यात आलं नव्हतं. या पावसाळ्यात चार ओळी टाकतो.

मांडवगड

माझं आजोळ धारकडचं, म्हणून मांडूच्या झाडांवर लिहितो. मांडूच्या रस्त्यावर जाड बुटक्या बुंध्याची जी झाडं दिसतात, वर्षातले बरेच महिने निष्पर्ण, जणू मुळं वर करून लावलेली, ती गोरखचिंच. इथे सगळे तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेची, सुलतानांच्या काळात आली असं मानतात. बुंधा म्हणजे पाण्याचा हंडा, त्यावर ती उन्हाळा काढते. पांढरी मोठी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. मखमली सालीचं दुधीसारखं फळ फोडलं की आत पांढरा, पिठासारखा आंबट गर. रस्त्याकडेला भिल्ल बायका ती फळं घेऊन बसतात. उन्हात चालताना तो गर तोंडात धरला की तहान मोडते. आजी त्याची चटणी करायची, गूळ घालून. पुण्याच्या मावसभावाला एक फळ नेऊन दिलं होतं, त्यानं ते शोकेसमध्ये ठेवलं. मला वाईट वाटलं. ती खायची वस्तू आहे.

मांडूचीच दुसरी आठवण खिरणीची. मे-जूनमध्ये पिवळी, बोटाच्या पेराएवढी फळं. गोड इतकी, की थांबवत नाही, आणि चिकानं ओठ एकमेकांना चिकटतात. चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावर बांधतात हे कितीजणांना माहीत आहे? बाजारातला चिकू ज्या पायावर उभा आहे ते झाड आपल्या डोंगरात कुणी नवीन लावत नाही. खिरणी फार सावकाश वाढते, लावणाऱ्याला फळ मिळेलच असं नाही.

भिया_इंदुरी

मला गावाचं फार माहीत नाही, इंदुरातच वाढलो. पण वर खाण्याचा विषय निघाला म्हणून एक विचारतो. पाऊस लांबला की गावाबाहेर झाडाखाली सगळं गाव जेवतं, असं माझा मित्र सांगतो. देपालपूरचाच आहे तो. हे खरं का?

ओटल्यावरची

अगदी खरं. त्याला उजमनी म्हणतात. आषाढ कोरडा चालला की गावचे जाणते दिवस ठरवतात. त्या दिवशी गावात एकाही घरात चूल पेटत नाही. घरं बंद करून म्हातारेकोतारे, लेकरं, शेजारचा आजारी माणूससुद्धा खाटेवर घालून, सगळे गावाबाहेर. शेतात, झाडांखाली गोवऱ्या रचून दाल-बाफले करायचे, इंद्राला नैवेद्य दाखवायचा आणि संध्याकाळी परतायचं. आमच्या वडाखाली त्या दिवशी सात-आठ घरांच्या चुली असतात.

एका उजमनीला मी आठ महिन्यांची गरोदर होते. जमिनीवर बसवेना. ज्या आजोबांच्या नावानं आता ओटला बांधायचा आहे ना, त्यांनीच घरून स्वतःची खाट आणून पारंब्यांच्या मधे टाकली होती माझ्यासाठी. इथे लिहिता लिहिता आठवलं. हे मी त्यांच्या मुलांना कधी सांगितलंच नाही.

रामबागकर

मग ताई, बोलणं तिथूनच सुरू करा. मुळं आणि तंतुमुळं मागाहून.

तुरेवाला

मी गौतमपुऱ्याचा. आमचं घराणं चार पिढ्यांपासून इथे आहे. धाग्यात गौतमपुऱ्याचं नाव निघालं आणि हिंगोटाचं निघालं नाही, म्हणून लिहायला बसलो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, आमच्याकडे हिंगोटाचं युद्ध होतं. गौतमपुऱ्याचा तुरा आणि शेजारच्या रुणजीची कलगी. मराठी माणसाला ही नावं ऐकून शाहिरी आठवेल. तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे, सवाल-जवाब रात्रभर. इथे सवाल-जवाब आगीचे, दोन्ही बाजू दारू भरलेली हिंगोटाची फळं पेटवून एकमेकांवर फेकतात. डोक्याला साफा, एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांची झोळी. लोक भाजतात, जखमा होतात, दरवर्षी हे बंद करावं अशी चर्चा होते, आणि त्या चर्चेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या काकांच्या पाठीवर अजून व्रण आहे.

पण मला सांगायचं आहे ते झाडाबद्दल. हिंगोट म्हणजे महाराष्ट्रातलं हिंगणबेट, संस्कृतातली इंगुदी. काटेरी, मध्यम उंचीचं, नाल्याकाठी आणि पडीक रानात आपोआप येणारं. फळ लिंबाएवढं, कवच लाकडासारखं कठीण. महिना-दीड महिना आधी पोरं रानात जाऊन फळं तोडून आणायची. भोक पाडून आतला गर काढायचा, फळं उन्हात वाळवायची, बंदुकीची दारू ठासायची, एक तोंड पिवळ्या मातीनं बंद करायचं, दुसऱ्याला वात, आणि नेम सरळ जावा म्हणून बांबूची काडी बांधायची. त्या गराला पाण्यात फेस येतो. आजी त्यानं रेशमी लुगडं धुवायची.

आता गावाजवळ हिंगोट राहिलेलं नाही. पडीक रान सोयाबीनखाली गेलं, नाल्याचे काठ सपाट झाले. माझ्या लहानपणी शाळेमागे सात झाडं होती, आज एक आहे. पोरं फळांसाठी लांबच्या रानात जातात, नाहीतर विकत आणतात. युद्ध ठेवावं की बंद करावं यावर गावात दर दिवाळीला तावातावानं बोलणं होतं. झाड ठेवायचं की नाही यावर आजवर एकदाही बैठक झाली नाही. मी शिक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या मुलांकडून चाळीस बिया पेरून घेतल्या, एकोणीस उगवल्या. शाळेच्या कुंपणाला लावल्या आहेत. काटे असतात, कुंपण म्हणूनही चालतील.

पानगळ

तुरेवाले सर, एकोणीस म्हणजे फार चांगलं प्रमाण आहे. कृपया त्यांना पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा. काटे कोवळे असतात तोवर त्यांचा उपयोग नाही.

ओटल्यावरची

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

मी आणि जाऊबाई त्यांच्याकडे गेलो. रामबागकर काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. खाटेची गोष्ट सांगितली. थोरला मुलगा ऐकत राहिला, मग आत जाऊन तीच खाट दाखवली, सुंभ नवं घातलेलं. त्यांच्या आईनं मला जवळ बसवलं. नंतर ओटल्याचं बोलणं फार सोपं गेलं. मी गल्लीतल्या पिंपळाचं सांगितलं, पानगळताईंनी लिहिलेलं सगळं हिंदीत करून नेलं होतं ते वाचून दाखवलं. धाकटा मुलगा जरा अडला. त्याला वडिलांचं नाव ग्रॅनाइटवर हवं होतं. त्याचंही चुकत नाही.

ठरलं ते असं. बुंध्याभोवती सहा फूट माती उघडी राहील. त्याच्या बाहेर सुटे दगड, सिमेंटाशिवाय, फटींत माती. घुमटीच्या बाजूला, झाडापासून अंतर ठेवून, दगडी बाक आणि त्यावर आजोबांचं नाव. जाळी नाही. पारंब्या राहतील. दोन पारंब्यांना जाऊबाईंनी बांबू बांधलेसुद्धा. दीरांनी मात्र एक फांदी मागितली. ट्रॅक्टरच्या वाटेत येते ती. पावसाच्या तोंडावर कापतील, आणि तिचे आठ-आठ फुटांचे खुंट करून गावच्या तळ्याकाठी रोवणार आहेत. वडाची जाड फांदी ओल्या जमिनीत फुटते हे त्यांनी मला शिकवलं, मला माहीत नव्हतं.

मधे अमावास्या होऊन गेली. नायलॉनच्या दोऱ्याचं जाऊबाईंनी आधीच घरोघर सांगितलं होतं, तरी तीन-चार जणींनी तोच आणला. बांधू दिला. संध्याकाळी त्यांच्याच हातानं सोडवून कापसाचा बांधला. पौर्णिमेला मी आणि जाऊबाई गेलो, त्यांच्या सुतावरून आपलं घेतलं.

तुरेवाले सर, आमच्या नाल्याच्या काठी थोडी पडीक जागा आहे. हिंगोटाच्या बिया मिळतील का?

तुरेवाला

ताई, पंचवीस-तीस शिल्लक आहेत, घेऊन जा. एक दिवस-रात्र पाण्यात भिजवा, मग पिशवीत बी आडवी ठेवून अंगठ्याच्या पेराएवढी खोल लावा. रोप वीतभर झालं की नाल्यावर न्या. रविवारी शाळेला सुट्टी असते, घरीच असेन.

निमाडकर

तुरेवाले दादा, मलाही दहा-बारा ठेवा. नाल्याकडच्या मेढीला लावतो. ताईंकडून घेईन, इंदूरला बाजाराला येतोच.